लहान विमानातली बॅटरी नक्की किती वर्षं टिकते?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातला. सध्या खासगी वैमानिक परवान्यासाठी उड्डाण शिकतोय. घरी शेती असल्यानं बॅटरीशी ओळख जुनी आहे. ट्रॅक्टर, जीप, इन्व्हर्टर, कुंपणाचं झटका मशीन, सगळीकडं बॅटरी. ट्रॅक्टरची बॅटरी आमच्याकडं चार-पाच वर्षं सहज जाते.

आमच्या संस्थेत एका चार आसनी विमानाची बॅटरी दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच काढली आणि बाद ठरवली. त्याच आठवड्यात मी ते विमान उडवलं होतं. चावी फिरवली की सेल्फ एका दमात उचलत होता. मग बाद का? विमानाची बॅटरी ट्रॅक्टरच्या बॅटरीपेक्षा कितीतरी महाग, आणि टिकते मात्र कमी. यामागचं कारण समजून घ्यायचं आहे. आणि स्वतःचं लहान विमान घेणाऱ्यानं बॅटरीचं आयुष्य किती धरून चालावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

मिरज_बॅटरी

विमानातलं मला कळत नाही, पण बॅटरीचा धंदा वडिलांपासून आहे म्हणून सांगतो. गिऱ्हाईक दुकानात येतं ते एकच बोलतं, "सेल्फ उचलतोय की, मग बॅटरी चांगलीच असणार." तसं नसतं. सेल्फ मारायला मोठा करंट लागतो, पण दोन-चार सेकंदच. दमलेली बॅटरीसुद्धा तेवढा झटका देते. खरं काय ते रात्री हेडलाइट लावून गाडी उभी केली की कळतं.

दुसरं म्हणजे प्लेटा. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत प्लेटा जाड, म्हणून ती बरीच वर्षं चालते आणि उचलताना कंबर मोडते. सेल्फच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि जास्त. विमानात वजनाची चणचण, म्हणजे तिथं प्लेटा आणखी पातळ असणार असा माझा अंदाज. कुणी जाणत्यानं सांगावं.

निवृत्त_एएमई

मिरजकरांचा अंदाज बरोबर आहे. मी विमान देखभालीत आयुष्य काढलं, आता सांगलीत विश्रामबागेत असतो. जरा लांबण लागेल, पण हा विषय अर्धवट सांगण्यासारखा नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. लेड-ॲसिड बॅटरी नीट सांभाळली तर खासगी विमानात तीन ते पाच वर्षं जाते. काहींची त्याहून जास्त जाते, आणि हेळसांड झाली तर वर्ष-दीड वर्षात बसते. पण मला विचाराल तर वर्षं मोजणं हा रस्ताच चुकीचा आहे. बॅटरी किती जुनी यापेक्षा तिच्यात आज किती अँपियर-अवर (किती अँपियर करंट किती तास देऊ शकते, त्याचं माप) उरलेत, हे विचारायचं.

साधा हिशेब करू. १२ व्होल्टची ३३ अँपियर-अवरची बॅटरी घ्या. अनेक जुन्या सेसना-पायपर विमानांत या आकाराची असते. इंजिन चालू करताना स्टार्टर २०० अँपियर ओढतो आणि पाच सेकंद फिरतो असं धरा. २०० गुणिले ५ भागिले ३६००, म्हणजे जेमतेम ०.२८ अँपियर-अवर. पूर्ण क्षमतेच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी! ज्या बॅटरीची साठ टक्के क्षमता गेली आहे, तीही एवढं आरामात देईल. तुम्ही सेल्फ मारलात, इंजिन उचललं, आणि तुम्हाला वाटलं बॅटरी ठणठणीत आहे. प्रत्यक्षात तुम्ही तिच्या क्षमतेला हातसुद्धा लावला नव्हता.

आता अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, हवेतच बंद पडलं असं समजा. त्या क्षणापासून सगळं ओझं बॅटरीवर. जुन्या पद्धतीच्या दिव्यांचं विमान, रात्रीची वेळ. नेव्हिगेशन दिवे, दोन रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र), पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) मिळून २० अँपियर धरा. नवी बॅटरी दीड तासाच्या वर चालेल. क्षमता चाळीस टक्क्यांवर आलेली असेल तर १३ अँपियर-अवर उरले, म्हणजे चाळीसेक मिनिटं. त्यात लँडिंग लाइट लावला, बिघाड उशिरा लक्षात आला, तर वीस मिनिटंही हातात नसतील. आणि सकाळी याच बॅटरीनं इंजिन एका दमात उचललेलं असतं.

अमेरिकी विमान नियामक एफएएच्या भाग २३ च्या नियमांत लहान विमानांसाठी अट आली ती याच विचारानं. वीजनिर्मिती बंद पडली तर आवश्यक उपकरणांना बॅटरीनं किमान ३० मिनिटं वीज दिली पाहिजे, असा आकडा २०१७ पर्यंत त्या नियमात होता. ही ३० मिनिटं कागदावर लिहून मिळत नाहीत, बॅटरीत असावी लागतात. म्हणून तुमच्या संस्थेनं चालती बॅटरी काढली याचा मला आनंद आहे. तिथं कुणीतरी क्षमता चाचणी खरोखर केली आहे.

पंखवाली

काकांना दुजोरा. मी विमान देखभालीचं शिक्षण घेतेय, मूळची तासगावची. क्षमता चाचणी कशी होते ते लिहिते, कारण बाहेर ती फारशी कुणाला माहीत नसते.

बॅटरी विमानातून काढून शॉपमध्ये आणतात. आधी पूर्ण चार्ज करून थोडा वेळ विसावू देतात. मग तिच्या एक तासाच्या रेटिंगएवढा करंट एकसारखा ओढतात. ३३ अँपियर-अवरची असेल तर ३३ अँपियर. १२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज १० वर (२४ ची असेल तर २० वर) उतरेपर्यंत किती मिनिटं गेली ते मोजायचं. ६० मिनिटं टिकली तर शंभर टक्के. कॉन्कॉर्ड या विमान-बॅटरी कंपनीच्या सीलबंद बॅटऱ्यांना कंपनीची सीमा ८५ टक्के आहे, म्हणजे ५१ मिनिटं. त्याखाली आली तर कंपनीनं सांगितलेली कंडिशनिंगची (बॅटरी परत ताजी करण्याची) पद्धत वापरून पुन्हा तपासतात, तरी वर आली नाही तर बाद. दुसऱ्या कंपनीची सीमा वेगळी असू शकते, म्हणून ज्या बॅटरीची चाचणी तिचंच मॅन्युअल उघडं ठेवायचं. शेवटी सही डीजीसीएचा (भारताच्या विमान नियामकाचा) परवाना असलेल्या एएमईची, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याची.

म्हणजे वारणाकाठ, तुमची बॅटरी कदाचित ७८-८० टक्क्यांवर आली असेल. ट्रॅक्टरसाठी ती उत्तम आहे. विमानासाठी नाही.

वारणाकाठ

आता डोक्यात उजेड पडला. सेल्फला पाव अँपियर-अवरच लागतो हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण मग ती इतक्या लवकर ८० वर येते कशी? आम्ही तर रोज उडवतो.

रसायन_सातारा

हा माझा प्रांत. मी साताऱ्यात रसायनशास्त्र शिकवते.

लेड-ॲसिड सेल वीज देतो तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केलं तर ते बारीक कणांचं असतं आणि परत विरघळतं. बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर तेच कण मोठे आणि कडक होतात, मग चार्जर त्यांना हलवू शकत नाही. तेवढा प्लेटेचा भाग कायमचा कामातून गेला. त्यालाच सल्फेशन म्हणतात.

दुसरा शत्रू उष्णता. साधा नियम असा की तापमान १० अंश सेल्सिअसनं वाढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो, आणि आयुष्य सुमारे निम्म्यावर येतं. कंपन्या आयुष्याचे आकडे साधारण २५ अंशांच्या आसपास गृहीत धरून देतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीकडं जातो, आणि उन्हात उभ्या विमानात बॅटरीची पेटी जर इंजिनाजवळ असेल तर आतलं तापमान काय होत असेल! थंड देशातल्या मालकानं "माझी सात वर्षं चालली" असं लिहिलं की आपण ते आपल्या उन्हाळ्याला लावून पाहायचं.

कऱ्हाडकर

कराडच्या धावपट्टीजवळच लहानाचा मोठा झालो. १९५५ च्या सुमारास कोयना धरणाच्या कामासाठी बांधलेली ती धावपट्टी. शाळेत असताना एखादं विमान आलं की आम्ही सायकली टाकून बघायला पळायचो.

ताईंनी उष्णतेचं लिहिलं, मला पावसाळ्याचं सांगायचं आहे. आपल्या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग खाली आले की लहान विमानाचं उड्डाण आठवडाभरसुद्धा होत नाही. मालकाला वाटतं, विमान उभंच आहे, बॅटरी कशाला जाईल? पण कित्येक विमानांत घड्याळ थेट बॅटरीवर असतं, मास्टर स्विच, म्हणजे विमानाचा मुख्य वीज स्विच, बंद केला तरी ते चालूच. दाराजवळचा छोटा दिवाही काही विमानांत तसाच. थेंबाथेंबानं बॅटरी उतरते आणि गणपतीच्या सुमाराला चावी फिरवली की नुसतं टकटक. चुलतभावाच्या ओळखीतल्या एका मालकाच्या विमानाची सलग दोन पावसाळ्यांत बॅटरी गेली, ती केवळ उभं राहून.

निवृत्त_एएमई

कऱ्हाडकर, हे लाखमोलाचं लिहिलंत. उडणाऱ्या विमानापेक्षा उभ्या विमानाची बॅटरी लवकर मरते, हे मी कित्येक हँगरांत पाहिलं आहे.

उपाय सोपा आहे. विमान दोन-तीन आठवडे उडणार नसेल तर एएमईला सांगून बॅटरी उतरवून घ्या, नाहीतर बॅटरीच्या कंपनीनं मान्य केलेला मेंटेनन्स चार्जर लावा. विसावलेल्या बॅटरीचं व्होल्टेज मोजा. १२ च्या बॅटरीचं १२.५ च्या खाली, २४ च्या बॅटरीचं २५ च्या खाली आलं की चार्जिंगला लावायचीच, वाट बघायची नाही. आणि बाजारातला गाडीचा "पल्स" वाला चार्जर लावू नका. त्यातले काही सल्फेट फोडायच्या नावाखाली व्होल्टेज भलतंच वर नेतात. एजीएम या सीलबंद प्रकारच्या बॅटरीत पाणी भरायची सोयच नसते, आतलं पाणी उडालं की परत घालता येत नाही.

तिसरी गोष्ट, जिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही, ती व्होल्टेज रेग्युलेटर, म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज ठरवणारा भाग. १२ च्या यंत्रणेत तो १४ च्या आसपास आणि २४ च्या यंत्रणेत २८ च्या आसपास असतो. थोडा वर सरकला की बॅटरी शिजते, थोडा खाली राहिला की रोज अर्धपोटी राहून सल्फेशन होतं. एकाच विमानाच्या दोन बॅटऱ्या पाठोपाठ गेल्या तर तिसरी आणायच्या आधी रेग्युलेटर तपासा.

वारणाकाठ, तुम्ही म्हणता रोज उडवतो. शिकाऊ विमानाला दिवसातून किती वेळा सुरू-बंद करतात ते आठवा. शिवाय इंजिन बंद ठेवून, मास्टर चालू ठेवून शिक्षक रेडिओ आणि समोरचे डिजिटल पडदे समजावत बसतात. तो अर्धा तास सेल्फच्या वीस झटक्यांपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो.

मिरज_बॅटरी

काका, एक शंका. साध्या बॅटरीचं ॲसिड आम्ही हायड्रोमीटरनं मोजतो. विमानाची तशी मोजता येते का? आणि गाडीची चांगली बॅटरी त्याच मापाची बसत असेल तर का चालत नाही? इथं एकानं मला हे विचारलं होतं.

निवृत्त_एएमई

पाणी घालायची बॅटरी असेल तर मोजता येते. विमानाच्या बॅटरीत ॲसिड थोडं तीव्र, पूर्ण चार्ज झाल्यावर घनता १.२८ च्या आसपास. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, तिथं हायड्रोमीटर बुडवायला जागाच नाही. तिथं व्होल्टेज आणि क्षमता चाचणी, दोनच मार्ग.

गाडीची बॅटरी मापात बसली तरी चालत नाही. विमान कलतं, हादरतं, हवेच्या खड्ड्यात आपटतं, तरी ॲसिड सांडता कामा नये. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो. म्हणून बॅटरीची पेटी आणि नळी तो वायू विमानाबाहेर सोडण्यासाठी केलेली असते. त्या पेटीसाठी मंजूर झालेलीच बॅटरी बसवायची. ज्यानं तुम्हाला विचारलं त्याला कृपा करून नाही म्हणून सांगा.

ऊसमळा

मी ड्रोननं फवारणी करतो, आष्ट्याच्या बाजूला. आमच्या लिथियम बॅटऱ्या हलक्या, पण काहीशे फेऱ्यांत फुगतात. विमानात लिथियम आली तर आयुष्य वाढतं का? आगीचं काय?

पंखवाली

दादा, ड्रोनची बॅटरी सहसा लिथियम पॉलिमर असते आणि तुम्ही ती रोज पार तळाला नेता, म्हणून ती लवकर दमते. लहान विमानांत सेल्फसाठी आता लिथियम आयर्न फॉस्फेट येतेय. तिचं रसायन जास्त शांत, वजन लेडच्या निम्म्याहूनही कमी, उभी राहून उतरण्याचा वेगही कमी. प्रत्येक बॅटरीत सेलांवर लक्ष ठेवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं.

आगीची भीती खोटी नाही. २०११ मध्ये सेसनाच्या सायटेशन सीजे४ जेटची लिथियम बॅटरी जमिनीवर पेटली आणि एफएएनं त्या बॅटऱ्या काढायला लावल्या. जानेवारी २०१३ मध्ये बोईंग ७८७ च्या दोन घटना झाल्या, बोस्टनला आणि जपानमध्ये ताकामात्सुला, आणि जगभरातली सगळी ७८७ जमिनीवर उभी राहिली. ७८७ मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइड होतं. फॉस्फेटची तुलना थेट त्याच्याशी करू नये. तरी मंजुरी त्या विशिष्ट विमानासाठी आहे का ते पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही.

एक अडचण मात्र सांगते. लेडचं व्होल्टेज हळूहळू उतरतं, त्यामुळं अंदाज येतो. लिथियमचं जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. हवेत अल्टरनेटर गेला तर व्होल्टमीटरकडं बघून "अजून बरीच आहे" असं समजायचं नाही, घड्याळ लावायचं.

वारणाकाठ

आता माझ्या मनातला खरा प्रश्न. बॅटरी पूर्ण गेली तर इंजिन बंद पडतं का? घरी आई हेच विचारते आणि मला ठाम सांगता येत नाही.

निवृत्त_एएमई

आईंना सांगा, ज्या विमानात मॅग्नेटो आहेत त्यात नाही. मॅग्नेटो इंजिनाच्या फिरण्यावरच स्वतःची ठिणगी तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही, आणि ते दोन असतात. दोन आसनी विमानांत खूप चालणाऱ्या रोटॅक्स ९१२ मध्ये मॅग्नेटो नाहीत, पण प्रज्वलनाची वीज इंजिनातल्याच वेगळ्या वेटोळ्यांतून येते, त्यामुळं तेही चालत राहतं. स्वच्छ दिवस असेल तर अल्टरनेटर गेल्यावर नको ते स्विच बंद करा, रेडिओवर थोडक्यात बोला, कृष्णा-कोयनेचा संगम नजरेत ठेवा आणि शांतपणे उतरा. फ्लॅप (उतरताना वेग कमी ठेवणाऱ्या पंखाच्या मागच्या झडपा) विजेचे असतील तर ते खाली येणार नाहीत हे धरून धावपट्टीची लांबी मनात ठेवा.

पण सगळी इंजिनं तशी नसतात, आणि स्वतःचं विमान घेणाऱ्यानं हे विचारलंच पाहिजे. आधुनिक डिझेल इंजिन संगणकावर चालतं आणि संगणकाला वीज लागते. ४ मार्च २००७ ला जर्मनीत स्पायर इथं दोन इंजिनांच्या डायमंड डीए४२ चं काय झालं ते वाचा. बॅटरी उतरलेली होती. बाहेरची वीज लावून दोन्ही इंजिनं सुरू केली. मॅन्युअलप्रमाणं पहिलं इंजिन बाहेरच्या विजेवर, आणि दुसरं विमानाच्या स्वतःच्या विजेवर सुरू करायचं होतं. तसं केलं असतं तर बॅटरीत दम नाही हे जमिनीवरच कळलं असतं. उड्डाण झालं, चाकं वर घेण्याचा स्विच दाबला, मोटरनं करंट ओढला, व्होल्टेज क्षणभर कोसळलं, दोन्ही इंजिनांचे संगणक रीसेट झाले आणि दोन्ही पंखे थांबले. विमान शेतात उतरवावं लागलं. नंतर त्या विमानांत इंजिनाच्या संगणकांसाठी वेगळ्या राखीव बॅटऱ्या बसवायला लावल्या.

म्हणून पार उतरलेली बॅटरी जंप देऊन, इंजिन सुरू करून, लगेच उडायचं नाही. मॅग्नेटोचं विमान असलं तरी नाही. अल्टरनेटर अशा बॅटरीत भसाभस करंट ओततो, ती तापते, आणि हवेत अल्टरनेटर गेलाच तर मागं काहीच नसतं. आधी काढा, चार्ज करा, क्षमता तपासा, मग उडा. उशीर झाला, गिऱ्हाईक थांबलंय, लग्नाला जायचंय, यातलं एकही कारण मी कधी ऐकून घेतलं नाही.

रसायन_सातारा

आणि जी विमानं संपूर्ण बॅटरीवरच उडतात? वर्गात मुलं हमखास विचारतात.

पंखवाली

ताई, पिपिस्ट्रेल वेलिस इलेक्ट्रो हे दोन आसनी विमान १० जून २०२० ला युरोपच्या विमान नियामकानं, ईएएसएनं, मंजूर केलं. पूर्ण विजेवरचं पहिलं मंजूर विमान तेच. साधारण ५० मिनिटं उडतं आणि वर राखीव धरलेली वीज असते. तिथं "बॅटरी किती टिकते" याचे दोन अर्थ होतात, एका उड्डाणात किती मिनिटं आणि एकूण आयुष्य किती. क्षमता उतरत गेली की पहिला आकडाही कमी होत जातो. म्हणून त्या विमानात बॅटरीची तब्येत टक्क्यांत पडद्यावर दिसते. आपल्या जुन्या सेसनांना तसा पडदा असता तर या धाग्याची निम्मी चर्चा लागलीच नसती.

कऱ्हाडकर

एक छोटी आठवण करून देतो. आपत्कालीन लोकेटर, म्हणजे ईएलटीची बॅटरी वेगळी असते. अमेरिकी नियमाप्रमाणं तिचं निम्मं उपयुक्त आयुष्य संपलं, किंवा एकूण एक तास वापर झाला, की बदलायची. ती कधी सेल्फ उचलत नाही, म्हणून तिची आठवणही कुणाला येत नाही. सह्याद्रीच्या घाटात विमान शोधायची वेळ आली तर तीच हाक मारणार आहे.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला आजच सांगतो. शेवटची शंका: ती बाद बॅटरी संस्थेकडून मिळाली तर आमच्या शेतातल्या झटका मशीनला चालेल का? रानडुकरांनी भुईमूग ठेवला नाही.

मिरज_बॅटरी

१२ ची असेल तर मस्त चालेल. झटका मशीन अगदी थोडा करंट ओढतं, ८० टक्क्यांची बॅटरी म्हणजे त्याला चैन. २४ ची असेल तर थेट जोडू नका, मशीन जळेल. उन्हात नको, सावलीत पेटीत ठेवा आणि वायूला वाट ठेवा. पुढं पार बसली की दुकानात आणून द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं ती रीतसर परतच गेली पाहिजे, शिसं रानात जाता कामा नये.

निवृत्त_एएमई

आणि संस्थेकडून लेखी घ्या. बॅटरीवरचा बाद झाल्याचा लाल टॅग काढू नका, उलट जाड मार्करनं मोठ्या अक्षरांत "विमानासाठी नाही" असं तिच्यावर लिहा. बाद बॅटऱ्या नवं लेबल लावून परत फिरतात. ही तुमच्या कुंपणावरच राहू दे.